मोंतेकुपोची विहीर आणि झेवियर तुस्कानो

त्या विहिरीत लोक काय काय टाकतात ते मी सांगितलं तर तुमच्या घशाखाली घास उतरणार नाही. नाणी टाकतात, ते एक वेळ ठीक. पण चघळलेलं च्युइंगगम? पिस्त्याची टरफलं? गळून पडलेली खोटी नखं? एकदा तर एका बाईनं बाळाचं भरलेलं डायपर टाकलं. शी! बाई चांगली शिकलेली, खांद्याला भारीतली पर्स. मी हटकलं तर म्हणते, मला वाटलं डस्टबिन आहे. अहो, डस्टबिनला कुणी दगडी कठडा बांधतं? वर कप्पी टांगतं? पण आम्हाला तोंड दाबून बसावं लागतं. मी ऑपरेशन्सची सुपरवायझर, पाहुण्यांसमोर हसत राहायचा मला पगार मिळतो.

आमच्या या जागेचं नाव मोंतेकुपो. खरं मोंतेकुपो इटलीत आहे, मध्ययुगातलं, डोंगरावरचं, तटबंदीचं चिमुकलं गाव. आमच्या कंपनीची माणसं तिथं जाऊन गल्ल्या मोजून आली आणि शारजाच्या कडेला, हायवेला लागून, त्याची नक्कल उभी केली. डोंगरावरचं गाव आणायचं तर डोंगर हवा. मग बांधकामाचा राडारोडा ओतून एक उंचवटा केला, वर दगडाच्या रंगाचं सिमेंट थापलं, पोटात पार्किंग. चर्च आहे, पण आत अत्तराचं दुकान. घंटाघर आहे, त्यात स्पीकर. द्राक्षाचे मांडव आहेत, द्राक्षं प्लास्टिकची, आणि वाइनचा तर प्रश्नच नाही, शारजात दारू बंद. भिंतीवर टिचकी मारली की पोकळ वाजते. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. लोक मात्र तीस दिरहॅमचं आइस्क्रीम चाटत, म्हणजे सातशे रुपयांचं, माना वर करून बघत फिरतात आणि म्हणतात, अगदी इटली! इटली कुणी बघितलीय?

झेवियरनंही बघितली नव्हती. पण या सगळ्या खोट्यात तो एक खरा माणूस आहे असं मी बरीच वर्षं समजत होते.

झेवियर तुस्कानो आमचा गाइड. वसईतल्या गास गावचा. साठीला टेकलेला, उंच, नाकेला, पिकल्या केसांचा. कंपनीनं त्याला लाल मखमली टोपी आणि पायाला घट्ट तुमान दिली होती. भर जुलैत तो त्या वेषात चौकात उभा राहायचा आणि घामानं टोपीचा रंग कपाळावर उतरायचा. तरुणपणी तो अबू धाबीजवळच्या मुसफ्फात एका गोदामात स्टोअरकीपर म्हणून आला. ती कंपनी बुडाली, मग हॉटेलच्या फ्रंट डेस्कवर बसला. मुलगी करेन शाळेत असतानाच बायको गेली. पोरीच्या वेण्या घालणं, तिचे डबे भरणं, तिला चर्चच्या क्वायरला नेणं, सगळं यानंच केलं. इथं नोकरी लागली ती आडनावावर. इंटरव्ह्यू घेणाऱ्याला वाटलं, तुस्कानो म्हणजे वाडवडील इटलीतल्या तस्कनीचे. वसईत तुस्कानो म्हटलं की लोक फार तर विचारतात, गासचे की नंदाखालचे? पण यानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पोटासाठी माणूस गप्प बसतो, त्याचं मला काही वाटलं नव्हतं.

कंपनीनं गाइड लोकांसाठी खऱ्या मोंतेकुपोच्या इतिहासाची जाडजूड फाइल करून घेतली होती. बाकीच्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. झेवियरनं मात्र ती पोथीसारखी वाचली. जेवणाच्या सुट्टीत तो मला त्यातलं सांगत बसायचा. दोन नद्यांच्या मधे एक अरुंद डोंगरकडा, त्यावर ते गाव. दगड असा सच्छिद्र की पडलेला पाऊस सगळा आत मुरतो, वर थेंब राहत नाही. शेकडो वर्षं गाढवांच्या पाठीवर नदीचं पाणी वर यायचं. ज्याच्या ताब्यात नदीची वाट, त्याच्या ताब्यात गाव. एकदा शेजारच्या मोठ्या शहरानं ती वाट अडवली आणि गाव तहानेनं शरण गेलं. मग गावानं ठरवलं, कितीही खोल जावं लागो, विहीर खणायची. आजोबांनी खणायला घेतली आणि नातवांनी पाणी प्यायलं. तिच्यासाठी कायदा केला: कठड्यापाशी कपडे धुवायचे नाहीत, भांडी घासायची नाहीत, आत काही टाकायचं नाही. जो घाण करेल त्यानं सगळी नदीची वाट झाडायची. पुढे प्लेग आला, तीनातली दोन माणसं गेली. वरच्या आळीतली घरं बंद झाली ती परत उघडलीच नाहीत. आज तिथं थोडे म्हातारे आणि पुष्कळ मांजरं राहतात.

हे सगळं सांगताना झेवियरचा आवाज बदलायचा. तो म्हणायचा, सुचित्रा, आमच्या गासचंही असंच आहे बघ, आमच्याकडे बाव म्हणजे देऊळच. बाव म्हणजे विहीर. त्यांची घरची बाव बुजवून तिच्यावर बिल्डिंग उभी राहिली होती आणि ते दुःख हा माणूस मोंतेकुपोच्या विहिरीवर काढत होता.

पण हा इतिहास सांगायची परवानगी होती कुठे? आमचा एक्स्पीरियन्स मॅनेजर नीरव. मराठी घरातला, शारजातच वाढलेला. मी मराठीत विचारलं की उत्तर इंग्रजीत. वयानं माझ्या भाच्याएवढा. त्यानं फाइलीतून प्लेग काढला, कारण डिप्रेसिंग. वेढा काढला, कारण निगेटिव्ह. तहान काढली, चर्च काढलं. उरलं काय? एका राजपुत्राची अंगठी विहिरीत पडली, तुम्हीपण नाणं टाका आणि मनातली इच्छा सांगा. हे कसलं बोडख्याचं मध्ययुग! झेवियर पाठ केलेलं तेवढं बोलायचा. ग्रुप पुढे सरकला आणि एखादा मागे रेंगाळला, की त्याला हळूच खरं सांगायचा. म्हणून मी त्याला मानत होते.

गेल्या हिवाळ्यात करेनचं लग्न ठरलं. नवरा ॲरॉन, अबू धाबीत एका हॉटेलात अकाउंट्सला. लग्नासाठी झेवियरची आई, इनेजमावशी, व्हिजिट व्हिसावर आली. ऐंशीच्या पुढची बाई, पण कणा ताठ. लाल चौकड्यांचं लुगडं नेसून ती दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत, झेवियरच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये शिरली की फिलिपिनो पोरी फोटो काढायच्या. मी भेटायला गेले तर पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, इथं बाव कुठं आहे?

त्यांच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी असतं. बायका लुगडी नेसून, कळशा घेऊन, वाजतगाजत विहिरीवर जातात, तिची गाणी म्हणतात, पाणी काढून आणतात आणि त्या पाण्यानं नवरीला आंघोळ घालतात. इनेजमावशीची आई गावातल्या सगळ्या लग्नांत पुढे उभी राहून गाणं म्हणायची. गाण्याची चाल तिनंच बांधलेली. मावशी नऊ-दहा वर्षांची असताना ती गेली. सोनं नाही, जमिनीचा तुकडा नाही, साधा फोटोसुद्धा नाही. आईची म्हणून मावशीकडे ती चाल तेवढी उरली होती. नातीच्या लग्नात ती म्हणायची, एवढ्यासाठी ही बाई विमानात बसून आली होती.

करेन इथलीच वाढलेली. ती म्हणाली, "ग्रॅनी, वी कॅन जस्ट यूज द शॉवर, नो?"

"नळापुढं कोण गाणं म्हणतं?" मावशी म्हणाली.

झेवियर अडकला. या वाळूत विहीर आणायची कुठून? त्याला एकच विहीर माहीत होती, आमची. मला कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. म्हटलं, अहो, तुमच्या पोरीला त्या पाण्यानं आंघोळ घालणार? कंबरभर खोल काँक्रीटचा हौद, तेच पाणी महिनोन् महिने पंपातून फिरतंय, वर त्यात निळा रंग घातलेला. तो म्हणाला, मी साफ करीन. आणि सरळ नीरवकडे गेला.

नीरव लगेच हो म्हणाला. एवढ्या पटकन हो म्हटल्यावरच मला वास आला. हा माणूस कुणाला पाण्याची बाटली फुकट देत नाही. त्याची अट एकच, आमची टीम शूट करेल, पेजवर टाकू, लोकांना फॅमिली फंक्शन बघायला आवडतं. मी झेवियरला बाजूला घेऊन सांगितलं, हे पोरगं आयत्या बिळावरचा नागोबा आहे, सांभाळा. तो हसला. म्हणाला, काढू दे ना फोटो, आईला बरं वाटेल.

कार्यक्रमाच्या दिवशी पहाटे आम्ही तिघं तिथं गेलो. तिसरा तहा, आमचा इजिप्शियन प्लंबर. त्यानं पंप बंद केला, "खलास," म्हणाला आणि नाक धरून लांब जाऊन उभा राहिला. पाणी उतरलं आणि खाली जे दिसलं ते मी जन्मात विसरणार नाही. तळाला हिरवी-काळी साय, त्यात नाणी रुतलेली, केसांचे गुंते, सुजून फुगलेले टिश्यू, सिगरेटची थोटकं, अर्धा खाल्लेला शावर्मा आणि कुणाची तरी दातांची पट्टी. बंद गाडीत आठवडाभर राहिलेल्या ओल्या फडक्यासारखा वास. मी दोन मास्क लावले होते तरी दोनदा कोपऱ्यात जाऊन ओकून आले.

झेवियर तुमान गुडघ्यापर्यंत वर करून आत उतरला. हातानं काढलं हो त्यानं सगळं. बादल्या भरभरून वर दिल्या. मग ब्रश, व्हिनेगर, खाण्याचा सोडा. भिंती घासताना एकीकडे बोलत होता, की मोंतेकुपोच्या कायद्यानं यातल्या एकेकाला नदीच्या वाटेवर झाडू घेऊन पाठवलं असतं. मग पिण्याच्या पाण्याच्या मोठ्या बाटल्या आम्ही ट्रॉलीवरून वर आणल्या आणि त्या हौदात ओतल्या. पहिल्यांदाच त्या विहिरीत स्वच्छ पाणी दिसलं, तळातली फरशी दिसेल इतकं. झेवियर कठड्यावर बसून धापा टाकत बघत राहिला. त्या सकाळी मला वाटलं, हा माणूस माझा मोठा भाऊ असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी वऱ्हाड आलं. करेनच्या मैत्रिणी लुगड्यांत चालताना अडखळत होत्या, ॲरॉनच्या काकांनी घुमट, म्हणजे त्यांच्याकडचं मातीचं वाद्य, आणलं होतं. इनेजमावशी कठड्याशी आली, आत वाकली, बोट बुडवून चाटलं. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, खोटी आहे ना गं? मी म्हटलं, हो मावशी. पाणी पिण्याचं आहे ना? मी म्हटलं, एकदम. मग चालेल, म्हणाली आणि पदर खोचला.

तिनं गाणं सुरू केलं आणि माझ्या अंगावर काटा आला. थरथरता, खडबडीत आवाज, पण चाल अशी वर चढायची आणि हळूच खाली बसायची की आसपासचे आइस्क्रीमवाले लोकसुद्धा थांबले. ती विहिरीला आई म्हणत होती, लेकीसाठी पाणी मागत होती. झेवियर टोपी काढून उभा होता आणि उघड रडत होता. करेनही रडली.

आणि तेवढ्यात नीरव, "कट! सॉरी, ग्रॅनी, वन मोअर टाइम?" कळशी परत रिकामी करायला लावली. परत भरायला लावली. लाइट बरोबर नव्हता म्हणून आणखी एकदा. नवरीच्या आंघोळीचं पाणी, आणि हा ते ओततोय, भरतोय. माझा हात शिवशिवत होता. शेवटी मावशीला त्या अत्तराच्या दुकानात नेऊन, दार लावून, तिच्यासमोर माइक धरला आणि म्हणाला, शब्द नकोत, नुसतं गुणगुणा. म्हातारीला त्यात मानच वाटला. तिनं गुणगुणलं.

लग्न छान झालं. करेन ॲरॉनबरोबर अबू धाबीतल्या मोहम्मद बिन झायद सिटीत राहायला गेली आणि मावशी वसईला परतली. विहिरीत आठवड्याभरात पुन्हा टरफलं तरंगायला लागली.

मग एका सोमवारी स्टाफच्या ग्रुपवर नवं टाइमटेबल आलं. रोज दुपारी चार वाजता, मुख्य चौकात, नवा शो: नववधूचं पाणी, मोंतेकुपोची सातशे वर्षांची परंपरा. मी दोनदा वाचलं. चार वाजता जाऊन बघितलं तर युक्रेनची एक उंच पोरगी पांढऱ्या झग्यात, डोक्यावर फुलं, हातात प्लास्टिकचा घडा. स्पीकरवर ॲकॉर्डियन आणि त्याच्याखाली इनेजमावशीचा आवाज. शब्द नाहीत, चाल तीच. पाहुण्यांनी रांगेत यायचं, छोटा घडा विकत घ्यायचा, त्या निळ्या घाण पाण्यात बुडवायचा आणि फोटो काढायचा. आणि माइकवर झेवियर. मोंतेकुपोच्या बायका सातशे वर्षं हीच चाल गात आल्या आहेत, असं तो सगळ्यांना सांगत होता. त्याच आवाजात, ज्या आवाजात तो मला प्लेगबद्दल सांगायचा.

मला अक्षरशः ओकारी आली. विहीर उपसताना आली होती त्याच्यापेक्षा जास्त.

शो संपल्यावर मी त्याला गाठलं. म्हटलं, हे काय चाललंय? तो टोपी पिळत म्हणाला, की तोही नीरवकडे गेला होता. नीरव म्हणाला, अंकल, शूटला तुम्हीच परमिशन दिली ना, इट्स अ ट्रिब्यूट. आणि झेवियर म्हणाला, पुढच्या महिन्यात माझा व्हिसा रिन्यू व्हायचा आहे, या वयात दुसरीकडे कोण घेणार? मग मी स्वतः नीरवच्या केबिनमध्ये गेले. त्याला मराठीतच झापलं. म्हटलं, अरे, तुझ्या आजीची चाल कुणी अशी विकली असती तर? तो म्हणाला, "चिल, मॅम. नोबडी नोज." आणि खरंच, कुणाला काय माहीत असणार? माहीत होतं ते झेवियरला.

मी त्याच्यासोबत डबा खायचं सोडून दिलं. सगळ्या जगानं खोटं सांगावं, माझं काही म्हणणं नाही, मीही रोज खोटं हसते. पण ज्या माणसानं त्या गावाचा खरा इतिहास जपला, कापलेला इतिहास हळूच सांगत राहिला, त्यानंच उठून आपल्या आईची वस्तू त्या गावाच्या नावावर करावी? त्याला भूक लागली होती का? पोरीचं लग्न झालं, डोक्यावर छप्पर आहे, गासला घर आहे. व्हिसा नाही झाला तर जायचं घरी, आईजवळ. पण नाही. इथं इतकी वर्षं राहिल्यावर माणसाला घरी जायची भीती वाटते, ते मला कळत नाही असं नाही. कळतं, तरी किळस येतेच.

शोचा व्हिडिओ पसरायला किती वेळ लागतो? गासपर्यंत गेला. तिथं लोकांनी झेवियरला ओळखलं, इनेजमावशीचा आवाज ओळखला आणि मग जे झालं ते ऐकून मी डोकं धरलं. मला वाटलं होतं, लोक चिडतील, फोन करून शिव्या घालतील. कसलं काय! लोक खूश झाले. आपलं उंबराचं पाणी थेट इटलीहून आलंय, पोपच्या देशातून! गावच्या ग्रुपवर अभिनंदनं सुरू झाली. कुणी म्हणालं, पुढच्या महोत्सवात तसेच पांढरे झगे घालू. आपलं ते काय लुगडं आणि घुमट, पण तेच इटलीचं म्हटलं की केवढी शान. चुलीत घाला ती शान.

गेल्या गुरुवारची गोष्ट. मी स्टाफच्या पँट्रीत चहा घेत होते. झेवियर समोर बसून चारच्या शोसाठी बाह्यांच्या नाड्या बांधत होता. आम्ही बोलत नव्हतो. त्याचा फोन वाजला, हात अडकलेले म्हणून त्यानं स्पीकरवर घेतला. इनेजमावशी होती. तिनं जेवलास का विचारलं, करेनचं विचारलं, आणि मग मुद्द्यावर आली.

ती म्हणाली, गावात सगळे असं असं म्हणतात. तिनंही व्हिडिओ बघितला, त्यात त्याचं बोलणं ऐकलं. गावातली धाकटी सून समजावून सांगते, शेजारीण सांगते, पण तिला कुणाचं पटत नाही. कारण तिला आठवतं, आई परसात भात कांडताना चाल जुळवत होती, विसरली की परत पहिल्यापासून. म्हणून तिनं ठरवलं, झेव्यालाच विचारायचं.

"तू त्या गावची सगळी पुस्तकं वाचलीस," ती म्हणाली. "मला खरं काय ते सांग. चाल तिथली, की आईची?"

झेवियरचे हात थांबले. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी डोळे वटारले. दोन शब्द बोलायचे होते फक्त, आईची आहे. पण ते बोलायचे म्हणजे व्हिडिओतलं बोलणं खोटं, म्हणजे मुलगा रोज चार वाजता परक्या लोकांपुढे उभा राहून तिच्या आईचं नाव पुसतो, हे तिला सांगायचं. मी मनात म्हणत होते, बोला, बोला झेवियर, एकदा तरी बोला.

"तिथलीच आहे, आई," तो म्हणाला. "पुस्तकात आहे."

पलीकडे कोंबडा आरवल्याचा आवाज आला.  मग मावशी म्हणाली, "बरं झालं विचारलं. कुणा फादरकडून ऐकली असेल तिनं. मी उगाच आयुष्यभर आईनं बांधली म्हणून सांगत राहिले."

मला राहवलं नाही. मी फोन हिसकावून घेतला. म्हटलं, मावशी, मी सुचित्रा. हे खोटं आहे. चाल तुमच्या आईचीच आहे, इटलीचा काडीचा संबंध नाही, हा नोकरीसाठी बोलतोय. एका दमात सगळं बोलून टाकलं. झेवियर तसाच बसून होता, त्यानं मला अडवलंसुद्धा नाही.

मावशी हसली. मायेनं हसली, लहान मुलीला समजवावं तशी. म्हणाली, "तू चांगली आहेस गं बाय, मला बरं वाटावं म्हणून बोलतेस. पण तू कुठं पुस्तकं वाचलीस? माझ्या झेव्यानं वाचलीत."

तिनं फोन ठेवला. चार वाजत आले होते. झेवियर उठला, आरशात बघून टोपी सरळ केली आणि बाहेर चौकात गेला. स्पीकरवर मावशी गुणगुणायला लागली होती.